विश्लेषण : ‘गेटवे’चा फोटो क्रॉप करताना काय उरते, काय हरवते?

मुंबईला येऊन गेटवे ऑफ इंडियाचा फोटो न काढता परतणारा पर्यटक विरळाच. हाच फोटो पुढे डीपी, स्टेटस किंवा रीलसाठी कापला जातो. पण क्रॉप करणे म्हणजे केवळ कडा छाटणे नव्हे. त्यातून वास्तूचे रूप, फोटोचा दर्जा आणि प्रसंगी अर्थही बदलतो. तो कसा, याविषयी…

फोटो कुठून आणि कधी काढावा?

गेटवेची उंची सुमारे २६ मीटर आहे. अगदी जवळ उभे राहून मोबाइल वर कलवला, तर वास्तूच्या उभ्या रेषा वरच्या बाजूला आत झुकलेल्या दिसतात आणि इमारत मागे कलल्याचा भास होतो. वाइड लेन्सने हा दोष आणखी ठळक होतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे मागे सरकणे आणि मोबाइल सरळ उभा धरणे. त्यामुळे खालची फरसबंदी जास्त येते, पण ती नंतर क्रॉप करता येते. सरळ रेषांसाठी कॅमेऱ्यातील ‘ग्रिड’ सुरू ठेवावी.

दुसरा मुद्दा प्रकाशाचा. गेटवेचे तोंड समुद्राकडे, म्हणजे साधारण पूर्वेला आहे. सकाळी शहराच्या बाजूने फोटो काढल्यास सूर्य समोर येतो आणि कमान काळपट दिसते. याच वेळी घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून पाहिल्यास गेटवे आणि ताजमहाल हॉटेल दोन्हींवर ऊन असते. शहराकडची बाजू दुपार कलल्यावर उजळते.

क्रॉप केल्याने दर्जा किती घटतो?

हे साध्या गणिताने कळते. १२ मेगापिक्सेलचा आडवा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. तो चौकोनी कापला तर ३००० बाय ३००० म्हणजे ९ मेगापिक्सेल उरतात. मात्र त्यातूनच स्टेटससाठी ९:१६ प्रमाणातील उभा तुकडा काढला तर रुंदी जेमतेम १६८८ पिक्सेल राहते. म्हणजे १२ पैकी सुमारे ५ मेगापिक्सेलच हाती लागतात. तोच फोटो मुळात मोबाइल उभा धरून काढला असता तर ९ मेगापिक्सेल वाचले असते. त्यामुळे फोटो कुठे वापरायचा हे आधी ठरवणे केव्हाही चांगले.

डिजिटल झूम हाही एक प्रकारचा क्रॉपच आहे. दुप्पट झूम केल्यास मूळ चौकटीचा एक चतुर्थांश भागच वापरला जातो. वाकडा फोटो फिरवून सरळ करतानाही कोपरे कापले जातात. म्हणून वास्तूच्या चारही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडावी. मूळ फोटो राखून ठेवावा आणि क्रॉप त्याच्या प्रतीवर करावा.

चौकटीबाहेर काय राहते?

पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या १९११ मधील भेटीच्या स्मरणार्थ ही कमान उभारली गेली. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यानुसार बांधलेल्या या वास्तूचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी झाले. स्वातंत्र्यानंतर, २८ फेब्रुवारी १९४८ रोजी, ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. समोरच्या बागेत छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. केवळ कमान ठेवणारी चौकट साम्राज्याचे स्मारक दाखवते. कमान आणि पुतळा एकत्र घेणारी चौकट त्याच जागेचा पुढचा इतिहासही सांगते. फेरीवाले, कबुतरे, लाँचची रांग आणि सुरक्षा तपासणीचे अडथळे कापले की फोटो ‘स्वच्छ’ दिसतो खरा, पण तो मुंबईचा वाटत नाही. शिवाय पायथ्याशी चार माणसे असली तरच २६ मीटरची उंची डोळ्यांना जाणवते.

बातमीच्या फोटोत धोका कोणता?

जानेवारी २०२० मध्ये दावोस येथे पाच तरुण हवामान कार्यकर्त्यांचा फोटो असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने प्रसृत केला. त्यातून युगांडाच्या व्हेनेसा नकाटे कापल्या गेल्या होत्या. त्या पाच जणींपैकी कृष्णवर्णीय त्या एकट्याच होत्या. मागची इमारत लक्ष विचलित करत असल्याने फोटो कापला, असे स्पष्टीकरण देण्यात आले आणि वृत्तसंस्थेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. हेतू रचनेपुरताच असला, तरी एका कडेच्या छाटणीने एक व्यक्ती आणि तिचा खंड बातमीतून गायब झाला.

गेटवेवरील सभा किंवा मेणबत्ती मोर्चालाही हेच लागू होते. पुढच्या दोन रांगा घट्ट कापल्या तर प्रांगण तुडुंब भरल्यासारखे वाटते. रुंद चौकटीत तेच अर्धे रिकामे दिसू शकते. दोन्ही फोटो खरे असतात, मात्र निष्कर्ष वेगळे निघतात.

मग क्रॉप करूच नये का?

तसे नाही. क्रॉप नकोच म्हणणाऱ्या हेन्री कार्तिए-ब्रेसाँ यांचा पॅरिसमधील सेंट-लाझार स्थानकामागे १९३२ मध्ये टिपलेला गाजलेला फोटोही क्रॉप केलेलाच आहे. कडेला आलेले अर्धवट बोट किंवा रिकामे आकाश काढल्याने कोणाची फसवणूक होत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की कापलेला भाग पाहिल्यावर बघणाऱ्याचे मत बदलेल का? बदलणार असेल, तर तो भाग चौकटीतच राहायला हवा. सहलीच्या फोटोत ही आवडीची बाब आहे. बातमी म्हणून पुढे पाठवल्या जाणाऱ्या फोटोत मात्र ती जबाबदारी ठरते.