शिरूर एक नाही

माझा भाचा दौंडला राहतो, संगणक शिकतो. सुट्टीत त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला. जिल्ह्यात तालुके, तालुक्यांत गावं, गावांत शाळा, अशा डब्यातल्या डब्यांतून फिरून तो शाळांची यादी काढतो. "मामू, सगळ्या टेस्ट पास!" म्हणाला.

मी विचारलं, कुठल्या माहितीवर तपासलंस? दोन तालुके, प्रत्येकात दोन गावं, प्रत्येक गावात एक शाळा. इतका आखीव जिल्हा अल्लाहने कुठे निर्माण केलाय?

आमचं शिरूरच घ्या. पुणे जिल्ह्यात शिरूर, बीडमध्ये शिरूर कासार, लातूरमध्ये शिरूर अनंतपाळ. शिवाय शिरूर हे शहर आहे, तालुका आहे, विधानसभा मतदारसंघ आहे आणि लोकसभा मतदारसंघही. पहिलं 'शिरूर' दिसताच कोड थांबला, तर आत पोचणारच नाही. म्हणून टेस्टने नुसतं नाव पाहू नये, वरपासूनची पूर्ण वाट पाहावी. दुसरं, शिरूर आणि दौंड शहरांत नगरपरिषद आहे, ग्रामपंचायत नाही. प्रत्येक वस्ती ग्रामपंचायतीखालीच असते असं धरून चाललेला कोड इथे अडखळतो. एक फांदी आखूड, एक लांब, अशी माहिती टेस्टमध्ये हवीच.

सर्वांत फसवा असतो तो रिकामा डबा. 'प्रत्येक शाळेला क्रमांक आहे का' ही तपासणी लूपच्या आत लिहिली आणि यादीच रिकामी आली, तर लूप एकदाही फिरत नाही आणि टेस्ट पास होते. रिकाम्या वर्गावरच्या सुपरवायझरने "कॉपी सापडली नाही" असं लिहून द्यावं, तसं. आधी वर्गात मुलं किती, ते मोजा.

आणि अपेक्षित उत्तर? भाच्याने ते त्याच फंक्शनकडून काढून घेतलं होतं! म्हणजे पेपर त्यानेच लिहायचा, त्यानेच तपासायचा. उत्तर कागदावर हाताने मोजून लिहायला हवं. माहिती लहान ठेवली की ते जमतं.

अशी चूक झाली की प्रोग्राम बंद पडतोच असं नाही. यादी नीटनेटकी छापून येते, फक्त एक नाव त्यात नसतं. शिष्यवृत्तीच्या यादीतून एक नाव गळालं की त्या घरात काय होतं, ते शिक्षकाला विचारा.

भाच्याने एक गाव बिनशाळेचं ठेवलं, दुसरं शिरूर घातलं. दोन टेस्ट नापास झाल्या. तो हिरमुसला. मी म्हटलं, मुबारक हो, आत्ता कुठे तपासणी सुरू झाली.