‘कुंकू’मधली नीरा आणि आपल्या मुली



मराठी बोलपट अवघा पाच वर्षांचा होता तेव्हा, १९३७ साली, प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ आला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या लोकप्रिय कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो काढला. हिंदीत तोच ‘दुनिया न माने’. आपल्या घरच्या बायामुलींनी एकदा तरी पाहावा असा हा बोलपट आहे.

गोष्ट साधी आहे. नीरा ही पोरकी मुलगी. नातेवाईक पैशाच्या लोभाने तिचे लग्न काकासाहेब नावाच्या म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावून देतात. नीरा नशिबाला दोष देत बसत नाही. ती त्याला नवरा मानायलाच नकार देते आणि त्याच घरात राहून झगडते. शांता आपटे यांनी ही नीरा अशी उभी केली आहे की, पाहणाऱ्याची मान ताठ व्हावी. केशवराव दाते यांचे काकासाहेबही तसेच जिवंत. शेवटी म्हाताऱ्याला अन्याय उमगतो आणि नीरा मोकळी व्हावी म्हणून तो स्वतःचा जीव देतो.

इथे विचार करा. नीरा सुटावी म्हणून एका माणसाला मरावे का लागले? कारण काडीमोडाची रीत नसलेल्या वरच्या जातींतल्या हिंदू स्त्रीला तेव्हा मुंबई इलाख्यात घटस्फोटाचा कायदाच नव्हता. तो इथे १९४७ साली आला. साऱ्या देशासाठी तो हक्क मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले. ते रखडवले गेले, तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९५५ च्या विवाह कायद्याने तो हक्क मिळाला. आपल्या बौद्ध भगिनींनाही तोच कायदा लागू आहे.

पण कायदा लग्नानंतर उपयोगी पडतो. नकार आधीच ऐकला, तर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, मुलींच्या लग्नाची घाई करू नका. पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये.

तरीही तुर्भे, रबाळे, घणसोलीच्या वस्त्यांत आजही ऐकू येते, “मुलगा कंपनीत पर्मनंट आहे, स्वतःची खोली आहे, पोरीला काय विचारायचं?” तिलाच विचारायचे! पाहुण्यांसमोर नव्हे, तर आईने किंवा मोठ्या बहिणीने एकटीला बसवून विचारायचे. ती नाही म्हणाली, तर सुपारी फोडायची नाही. विहारात बुद्धवंदना होण्याआधी एवढे झालेच पाहिजे.