सायकलला ट्यूबलेस टायर घ्यावेत का?

स्कूटरला ट्यूबलेस, मग सायकलला का नको? हिशेब थोडा वेगळा आहे. सायकलचा टायर पातळ, म्हणून आत सीलंट नावाचा चिकासारखा द्रव ओततात. बाभळीचा काटा घुसला की तो भोकात घट्ट होतो आणि तुम्ही पुढे निघता. ट्यूब चिमटण्याची भीती नसल्याने हवा कमी ठेवता येते. खडीवर पकड सुधारते.

पण सीलंट काही महिन्यांत वाळतं, आपल्या उन्हात तर लवकरच. रिमही त्यासाठीच बनवलेली लागते. टायर मोठा फाटला तर शेवटी ट्यूबच घालायची, म्हणजे ती पिशवीत हवीच! डोंगरवाटांवर जाणाऱ्यांनी हा खर्च जरूर करावा. रोज ऑफिसपुरतीच सायकल असेल, तर कोपऱ्यावरचा पंक्चरवाला पुरेसा आहे.