हचवाला कुत्रा आणि आपलं अंगण

२००३ सालची ती जाहिरात तुम्हाला आठवत असेल. एक लहान मुलगा आपल्याच नादात चाललेला असतो आणि चपट्या नाकाचा, सुरकुतल्या तोंडाचा एक छोटासा कुत्रा त्याच्या मागे मागे असतो. मुलगा जाईल तिथे कुत्रा. हच कंपनीच्या मोबाईलची ती जाहिरात. तुम्ही कुठेही जा, आमचं नेटवर्क तुमच्या मागे आहेच, एवढंच त्यांना सांगायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी एक चकार शब्द न बोलणारा नट निवडला. आमच्या कापड्यात त्या काळी मोबाईलची रेंज शोधायला टेकाडावर चढावं लागे. पण टीव्हीतून तो कुत्रा मात्र घरोघरी पोचला होता. पोरं त्याला बघून जेवायची.

त्याचं नाव चीका, जात पग. जाहिरातीचं चित्रीकरण गोव्यातलं. पण चीका हे नाव किती जणींना माहीत आहे? सगळे ‘हचवाला कुत्रा’ असंच म्हणत. (अमक्याची बायको, तमक्याची आई अशा नावांनी आयुष्य काढणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.) २००७ साली हचची व्होडाफोन झाली तेव्हा कंपनीचा रंग बदलला हे लोकांना कळावं म्हणून कुत्र्याचं गुलाबी घर काढून लाल घर दाखवलं. कुत्रा तोच! मालक बदलला, घराचा रंग बदलला, हा आपला शेपूट हलवत आत शिरला. मग २००९ च्या आयपीएलमध्ये ते पांढरे, अंड्यासारख्या डोक्याचे झूझू आले. पोशाखाच्या आत खरी माणसं होती, पण लोक झूझूंवर खूष झाले आणि पग मागे पडला. पुढे अधूनमधून तो परत दिसला. २०१८ साली पेटा इंडिया या प्राणिमित्र संस्थेने, जाहिरातीत पग वापरू नका, असं व्होडाफोनला कळवलं. २०२० मध्ये ‘व्होडाफोन’ हे नावही मागे पडलं आणि ‘व्ही’ आलं.

पंधरा वर्षांची ही कारकीर्द. पगाचं आयुष्य साधारण बारा ते पंधरा वर्षांचं, म्हणजे एवढी वर्षं एकच कुत्रा काम करत राहिला असणं शक्यच नाही. पात्र तेच, नट बदलत गेले. आपल्या नाटक कंपन्यांत नाही का, एक सिंधू गेली की दुसरी उभी राहायची, तसंच. परदेशात तर ही जुनी रीत आहे. १९४३ सालच्या सिनेमातली लॅसी ही गोष्टीतली कुत्री, पण तिचं काम केलं पॅल नावाच्या नराने. पुढेही पॅलच्याच वंशातले नर लॅसी होत राहिले. बालगंधर्वांना डोक्यावर घेणाऱ्या महाराष्ट्राला हे सांगितलं तर तो म्हणेल, यात काय विशेष!

आता हा नट काम कसं करतो ते पाहू. पडद्यावर कुत्रा मालकाकडे प्रेमाने बघतो तेव्हा बहुतेक वेळा तो कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या शिकवणाऱ्याच्या हातातल्या बिस्किटाकडे बघत असतो. चार पावलं चाल, बस, मान वळव, हे तुकडे वेगवेगळे घेतात आणि नंतर जोडतात. त्यातून निष्ठा, विरह, सूड हे सगळं आपण आपल्या मनाने भरतो. ‘तेरी मेहरबानियां’ (१९८५) मध्ये जॅकी श्रॉफ मेल्यावर त्याचा मोती एकेका गुंडाचा समाचार घेतो. थिएटरात बायका पदराने डोळे पुसत होत्या. त्या मोतीला गोष्टीतला शब्दही ठाऊक नव्हता.

आणि आपला सगळ्यांचा लाडका टफी! ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) कितींदा पाहिला असेल आपण. माधुरी, रेणुका शहाणे, रीमा, लक्ष्मीकांत बेर्डे, संगीताला रामलक्ष्मण म्हणजे आपले विजय पाटील, गायला लताबाई. घरचंच लग्न वाटायचं. त्यात क्रिकेटचा अंपायर टफी, आणि शेवटी निशाची चिठ्ठी प्रेमऐवजी मोठ्या भावाच्या हाती देऊन सगळा गुंता सोडवणाराही टफीच. घरातली एवढी शहाणीसुरती माणसं गप्प बसली आणि तोंड उघडायचं काम कुत्र्यावर आलं! यावर खरं तर वेगळा लेख होईल. तर त्या सिनेमानंतर पांढऱ्या झुबकेदार कुत्र्यांची लाट आली. आपण सरसकट ‘पामेरियन’ म्हणतो, पण ती जात इंडियन स्पिट्झ. आपल्या हवेला सरावलेली, खायला वरणभात चालणारी. म्हणून ती लाट फारशी कुणाच्या अंगावर आली नाही.

पगाचं तसं नाही, आणि माझं भांडण इथेच आहे. जाहिरातीनंतर पगाची मागणी वाढली, किंमत चढली, शहरात हौसेने पिल्लं घेतली गेली. पण तो गोंडस चेहरा म्हणजेच त्याचं दुखणं, हे कुणी सांगितलं नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकत तो अंग थंड करतो. पगाचं नाक माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून इतकं आखूड करून ठेवलंय की त्याला नीट धापाही टाकता येत नाहीत. उन्हात थोडं पळाला की घशातून घरघर. डोळे बाहेर आलेले, पटकन दुखावतात. तोंडावरच्या घड्यांत ओल राहिली की चिघळतं. नेदरलँड्समध्ये अशा फार चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर सरकारने बंधनं घातली आहेत. तिथली थंड हवा आणि आपला मे महिना, तुम्हीच ताडून बघा. जाहिरातीत मात्र तो दिवसभर पोराच्या मागे पळतोय आणि दमत नाही.

आणि या घड्या रोज पुसायच्या कुणी? पिल्लू हवं असतं मुलांना, विकत आणतात बाबा. आठवडाभर सगळे त्याला उचलून फिरतात. आठव्या दिवसापासून त्याची शी-शू, आंघोळ, औषध, रात्रीचं घोरणं हे सगळं घरातल्या बाईच्या गळ्यात. तिला कुणी विचारलेलंच नसतं. मी कुत्र्यांविरुद्ध नाही, आमच्या दारातही एक आहे. पण ज्या जिवाचं सगळं आपल्याला करायचंय तो घरात आणायचा की नाही, यात पहिला शब्द आपला असायला नको का?

आमच्या पोलादपूर-महाड भागात दर घरातलं कुणी ना कुणी मुंबईला. गणपतीला, शिमग्याला चाकरमानी येतात आणि आता काहींबरोबर कुत्रेही येतात. काही परत जात नाहीत. आमच्या वाडीतल्या एका घरी असाच एक पग राहिला. ‘गावाला मोकळी हवा आहे, आईला सोबत होईल’ असं सांगून ठेवून गेले. आई सत्तरीच्या. त्यांना सोबत झाली हे खरं, कारण दोघांनाही चढ चढवत नाही. मे महिन्यात त्या त्याला ओल्या गोणपाटावर बसवतात आणि टोपलीच्या झाकणाने वारा घालतात. पावसात त्याच्या तोंडाच्या घड्यांत बुरशी धरते. गुरांच्या डॉक्टरांना दाखवायचं तर पोलादपूरपर्यंत रिक्षा करावी लागते. भाडं त्या आपल्या पेन्शनमधून देतात आणि मुलाला फोनवर सांगतात, “मजेत आहे हो तो.” ज्या पोरासाठी हा कुत्रा आणला होता तो आता कॉलेजात आहे.

कायदे नाहीत असं नाही. सिनेमात किंवा जाहिरातीत प्राणी वापरायचा तर २००१ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी आणि प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. जनावराच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. सिनेमाच्या सुरुवातीला ‘कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही’ ही पाटी येते ती यामुळेच. चांगलीच गोष्ट आहे. पण ही पाटी पडद्यावरच्या एका कुत्र्याबद्दल असते. त्याला पाहून जे हजारो पिंजऱ्यांत जन्माला घातले जातात, त्यांच्याबद्दल कुठल्याच पाटीवर काही नसतं. पैदाशीसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद करायची, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. पण पिल्लू घेताना नोंदणीचा कागद मागणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आपण तांदूळ घेतानासुद्धा दोन दाणे दाताखाली घालून बघतो.

सिनेमावाल्यांनाही हे कळतं, नाही असं नाही. २०२२ चा ‘७७७ चार्ली’ हा कन्नड सिनेमा पाहा, हिंदीतही आहे. त्यातली लॅब्राडोर कुत्री अशाच वाईट पैदाशीच्या ठिकाणाहून सुटून आलेली असते आणि त्याचंच फळ म्हणून पुढे तिला असाध्य आजार होतो. कुत्र्याला नाचवून, हसवून पैसे मिळवता येतात तसं त्याच्याबद्दल खरं बोलूनही सिनेमा चालतो, हे त्याने दाखवलं. असे आणखी हवेत.

हा सगळा विषय निघाला आमच्या बचत गटाच्या बैठकीत. एक तरुण सभासद म्हणाली, “ताई, पगाची एक जोडी आणूया. एक पिल्लू विकलं तरी शेळीपेक्षा जास्त पैसे सुटतात.” हिशेब तिने वहीत मांडून आणला होता, आणि त्यात बेरजेची चूक नव्हती. तिच्या घरी पैशाची किती ओढ आहे तेही मला ठाऊक आहे. म्हणून नुसतं ‘पाप लागेल’ म्हणून तिला गप्प करणं मला पटलं नाही. मी तिला वहीत आणखी रकाने पाडायला सांगितलं. नोंदणी, लसी, उन्हाळ्यात पंखा आणि वीज गेली तर काय, मादी अडली तर ऑपरेशन कुठे, न विकलेली पिल्लं कुठे. शेवटच्या रकान्यावर ती थांबली. शेळीचं न विकलेलं करडू गोठ्यात वाढतं. न विकलेला पग कुठे जातो, ते आमच्या वाडीत सगळ्यांना दिसतंय.

एका आजींनी मग नामदेवांची गोष्ट काढली. कुत्रं भाकरी घेऊन पळालं तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. आजी म्हणाल्या, “जाहिरातीत कुत्रं माणसामागं पळतंय, आमच्या गोष्टीत माणूस कुत्र्यामागं.” सगळ्या हसल्या. दत्ताच्या पायाशी असतात ते, खंडोबाबरोबर असतात ते, आणि रात्री रानडुक्कर शेतात शिरलं की आधी भुंकतात ते सगळे आपले गावठी. त्यांना कुणी जाहिरातीत घेत नाही आणि विकतही घेत नाही. लांब नाक, आखूड केस, आपल्या उन्हापावसाला पुरून उरणारे. त्यांना हवी असते वर्षातून एकदा रेबीजची लस आणि माद्यांची नसबंदी. एवढ्यासाठी गावात शिबिर घ्यावं म्हणून आमच्या गटाने ग्रामपंचायतीला अर्ज दिला आहे. अर्जावर पहिली सही त्या हिशेबवाल्या मुलीची आहे. तिने शेळ्यांचाही हिशेब मांडून आणलाय, तो पुढच्या बैठकीत बघायचा आहे.