कातळातल्या बोल्टची नोंद व तपासणी बंधनकारक करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. विभागीय आयुक्त,
अमरावती विभाग, अमरावती

विषय : अमरावती व अकोला जिल्ह्यांत प्रस्तरारोहण आणि रॅपलिंगसाठी कातळात बसवल्या जाणाऱ्या बोल्टची नोंद, खेचचाचणी व वार्षिक तपासणी बंधनकारक करण्याबाबत.

महोदय/महोदया,

राज्य शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि असे उपक्रम चालवणाऱ्या संस्थांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे आवश्यक ठरवले. हे पाऊल योग्यच होते. परंतु नोंदणी संस्थेची होते, तिच्या माणसांची आणि साहित्याची विचारपूस होते. ज्या बोल्टवर शेवटी माणसाचा जीव टांगलेला असतो त्याची नोंद कुठेच राहत नाही. शिबिर संपले की दोर, हार्नेस, हेल्मेट परत जातात. बोल्ट मात्र कातळातच राहतो आणि पुढच्या हंगामात दुसराच कोणी त्याला दोर अडकवतो. तो कोणी बसवला, कधी, कोणत्या धातूचा, किती खोल, हे त्याने विचारायचे तरी कोणाला? चिखलदऱ्याच्या स्कायवॉकचा आराखडा अभियंते तपासतात, वन्यजीव मंडळाची परवानगी लागते. त्याच डोंगरातल्या बोटभर जाडीच्या बोल्टला एका ओळीचा कागदही लागत नाही. ही उणीव आपल्या अधिकारात भरून काढावी, यासाठी हे निवेदन.

लीड क्लाइम्बिंगमध्ये दोर वरून सोडलेला नसतो. चढणारा तो खालून सोबत नेतो, वाटेतल्या प्रत्येक बोल्टला क्विकड्रॉ (दोर अडकवायची जोडपट्टी) लावून त्यात अडकवतो आणि जमिनीवरचा जोडीदार त्याला बिले देतो, म्हणजे दोर धरून सांभाळतो. शेवटच्या बोल्टच्या दोन मीटर वर गेलेल्याचा हात सुटला तर तो किमान चार मीटर खाली येतो. दोराचा ढिलेपणा आणि ताण धरला तर त्याहून जास्त. हा सगळा झटका वरच्या एकाच बोल्टवर येतो, आणि तिथे पडणाऱ्याच्या व बिले देणाऱ्याच्या बाजूचे ताण एकत्र होतात. ईएन ९५९ आणि यूआयएए १२३ या मानकांनी बोल्टला कातळाच्या पृष्ठाला समांतर दिशेने २५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे अडीच टन भार पेलण्याची अट घातली आहे. प्रत्यक्षातला झटका बहुतेक वेळा याच्या निम्म्याहून कमी असतो. तेव्हा चांगला बोल्ट पुरेसा मजबूत असतो, याबद्दल वाद नाही. पण ही ताकद काँक्रीटच्या ठोकळ्यात मोजलेली असते. हँगरवर, म्हणजे बोल्टवरच्या दोर अडकवायच्या पट्टीवर, कोरलेला आकडा गाविलगडच्या डोंगररांगेतल्या दगडाविषयी काहीच सांगत नाही.

आणि हा दगड एकसारखा नाही. चिखलदऱ्याचे कडे काय, नरनाळ्याच्या डोंगरधारा काय, सगळे दख्खनच्या लाव्ह्याचे. लाव्ह्याचा थर मध्ये घट्ट आणि माथ्याकडे सच्छिद्र असतो. त्या छिद्रांत झिओलाइटसारखी खनिजे भरलेली असतात आणि दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातकट दगडाचा मऊ पट्टा येतो. घट्ट बेसाल्टमध्ये १० किंवा १२ मिलिमीटरचा एक्स्पान्शन बोल्ट उत्तम बसतो. सच्छिद्र थरात तोच आवळताना भोकाच्या कडा चुरतात, आणि वरून दोन्ही बोल्ट सारखेच दिसतात. उभ्या भेगांनी खांबासारखा फुटलेला बेसाल्ट तर आणखी फसवा : बोल्ट दगडात पक्का असतो, दगडच कड्यापासून सुटलेला असतो. त्यात आपले हवामान. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि पाठोपाठ मेळघाटचा पाऊस भेगाभेगांतून झिरपत राहतो. चिकटद्रव्याने बसवायच्या बोल्टला हे दोन्ही घातक. कडक उन्हात ते बोल्ट आत सरकवण्याआधीच घट्ट होऊ लागते, आणि ओल्या किंवा धुळीने भरलेल्या भोकात त्याची पकड कमी होते.

यावर अनुभवी मंडळी सांगतील की बोल्ट क्वचितच तुटतात. अपघात होतात ते गाठ चुकल्याने, बिले देणाऱ्याचे लक्ष उडाल्याने, उतरवताना दोर अपुरा पडल्याने. हे खरे आहे, आणि प्रशिक्षणावरचा भर कमी करावा असे आमचे म्हणणे नाही. मात्र चुकलेली गाठ जोडीदाराला दिसते, तपासता येते. भोकाच्या आत गंजलेला बोल्ट कितीही तरबेज माणसाला बाहेरून ओळखता येत नाही. थायलंडमधील रैलेच्या समुद्रकड्यांवर स्टेनलेस स्टीलचे बोल्ट बाहेरून धड दिसत असताना आतून तडकून तुटले आणि तिथे टायटॅनियमचे बोल्ट बसवावे लागले. वऱ्हाडाला समुद्र नाही, त्यामुळे इथे टायटॅनियम मागणे ही उधळपट्टी ठरेल. आपला धोका साधा आणि स्वस्तातला आहे : हार्डवेअरच्या दुकानातला, बांधकामासाठीचा, जस्ताचा मुलामा दिलेला अँकर फास्टनर आणि त्यावर स्टेनलेसचा हँगर. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकत्र आले की मुलामा आधी जातो आणि मग बोल्ट गंजतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नियम आले की परवाने येतात, परवाने आले की खेटे सुरू होतात, आणि हौशी गिर्यारोहक लपूनछपून ड्रिल घेऊन निघतो. ही भीती रास्त आहे. म्हणून आम्ही प्रत्येक चढाईसाठी परवानगी मागत नसून प्रत्येक बोल्टसाठी नोंद मागत आहोत. सह्याद्रीत गिर्यारोहकांच्या पिढ्यांनी सुळक्यांवर मेखा आणि बोल्ट ठोकले; पुढे सेफ क्लाइम्बिंग इनिशिएटिव्हसारख्या उपक्रमातून गिर्यारोहकांनाच पदरमोड करून जुने बोल्ट बदलण्याचे काम हाती घ्यावे लागले. वऱ्हाडात अजून सह्याद्रीइतके बोल्टिंग झालेले नाही. तिथे मागाहून निस्तरावे लागले ते इथे नोंदवहीच्या खर्चात टळू शकते.

सरसकट बंदी हा सोपा मार्ग कोणी सुचवेल. मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात आणि गाविलगड-नरनाळ्याच्या तटबंदीवर ड्रिल चालूच नये. तिथे बंदी कडक हवी. गिधाडांची घरटी आणि आग्या मोहोळे असलेले कडेही वगळावेत. (मोहोळ उठले तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.) उरलेल्या मोजक्या कड्यांवरही बंदी घातली तर चढाई थांबणार नाही, फक्त तिची नोंद थांबेल.

म्हणून विनंती अशी की, आपल्या अध्यक्षतेखाली दोन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी, पर्यटन संचालनालय, मेळघाट व्याघ्र प्रकल्प, क्रीडा विभाग आणि अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघ यांची बैठक घेऊन चढाईयोग्य कड्यांची यादी ठरवावी. त्या कड्यांवरच्या प्रत्येक बोल्टला क्रमांक द्यावा. धातू, व्यास, खोली, बसवण्याची तारीख, बसवणाऱ्याचे नाव आणि दगडाचा थर यांची नोंद सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. खेचचाचणीचे काम अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडे सोपवण्याचा विचार व्हावा. दरवर्षी पावसाळा सरल्यावर, शाळांची शिबिरे सुरू होण्याआधी तपासणी व्हावी आणि नापास बोल्टवर लाल खूण करून तो बदलेपर्यंत मार्ग बंद ठेवावा. पैसे घेऊन उपक्रम चालवणाऱ्या संस्थेने नोंद नसलेला बोल्ट वापरल्यास तिची नोंदणी स्थगित करावी. हौशी गिर्यारोहकाला दंड नको, नोंद करण्याची मुभा हवी.

नवशिक्यांनी लीडचे पहिले धडे कड्यावर गिरवू नयेत, यासाठी विभागीय पातळीवर किमान १२ मीटर उंचीची प्रमाणित कृत्रिम भिंत उभारावी. २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये लीडला स्वतंत्र पदक आहे. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी ज्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकार दाखवले, ते अमरावतीतच आहे. भिंतीच्या जागेसाठी व प्रशिक्षकांसाठी त्या संस्थेशी बोलणी करता येतील.

बैठकीची तारीख येत्या पावसाळ्यापूर्वी कळवावी, म्हणजे कड्यांची प्राथमिक पाहणी कोरड्या दिवसांत उरकता येईल. पाहणीसाठी स्वयंसेवक देण्याची आमची तयारी आहे.

आपले विश्वासू,
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील गिर्यारोहक, साहसी क्रीडा प्रशिक्षक व पालक

प्रत माहितीस्तव : मा. जिल्हाधिकारी, अमरावती व अकोला; पर्यटन संचालनालय; क्षेत्र संचालक, मेळघाट व्याघ्र प्रकल्प; जिल्हा क्रीडा अधिकारी, अमरावती व अकोला