नवखा पर्यटक आणि दुसरा दरवाजा

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील बोथ हे महाराष्ट्राच्या किनवट सीमेजवळचे गाव. तेलुगू, मराठी आणि गोंडी बोलणाऱ्या या परिसरात पावसाळ्यात पाहुण्यांची पावले पोचेरा धबधब्याकडे वळतात. तेथील धोका डोळ्यांना दिसतो. पाण्याचा जोर दिसतो, शेवाळलेला खडक दिसतो, आणि चार पावले पुढे गेलेल्या पाहुण्याला स्थानिक माणूस हटकतो. याच बोथचा एखादा तरुण मित्रांसोबत प्रथमच गोव्यात येतो आणि रात्री बागा-कळंगुटच्या रस्त्यावर उतरतो, तेव्हा त्याच्या या साऱ्या खुणा हरवतात. दिव्यांच्या झगमगाटात कोणते छत पेट घेणारे आहे आणि कोणत्या दाराला आतून कडी आहे, हे त्याला दिसत नाही. ते सांगणाराही कोणी भेटत नाही.

नवख्या पर्यटकाला रात्री जपून राहण्याचे सल्ले जगभर एकाच साच्याचे असतात. ब्राझीलमधील रिओ दी जानेरोच्या लापा भागात रात्रीचे संगीत ऐकायला जाणाऱ्या पाहुण्यालाही तेच सांगितले जाते: दागिने खोलीवर ठेवा, मोबाइल रस्त्यावर हातात मिरवू नका, पेला नजरेआड करू नका, अनोळखी गल्लीत पायी जाऊ नका. काजू आणि कार्निव्हल ज्या पोर्तुगीज सागरी जगाने ब्राझीलशी जोडले, त्या गोव्यातही हे सल्ले तितकेच उपयोगी आहेत. मात्र हे सारे सल्ले चोराला डोळ्यांसमोर ठेवून रचलेले आहेत. रात्रीच्या करमणुकीने घेतलेल्या सर्वांत मोठ्या बळींमागे चोर नव्हता.

२७ जानेवारी २०१३ रोजी पहाटे दक्षिण ब्राझीलमधील सांता मारिया या विद्यापीठाच्या शहरात ‘किस’ नावाच्या नाइट क्लबला आग लागली. मंचावरील वाद्यवृंदाने उघड्या जागी वापरायची फुलबाजी आत पेटवली. ठिणगी आवाज शोषण्यासाठी छताला लावलेल्या फोमवर पडली आणि विषारी धूर पसरला. बाहेर पडायला एकच वाट होती. तिथेही सुरुवातीला सुरक्षारक्षकांनी बिल न भरता निघालेल्यांना अडवले. काहींना प्रसाधनगृहाचे दार हीच बाहेरची वाट वाटली आणि ते तिथेच गुदमरले. २४२ जणांचा मृत्यू झाला. त्यांत बहुसंख्य तरुण विद्यार्थी होते.

मुंबईत २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिल आवारातील गच्चीवरच्या पबना आग लागली. तेथे दगावलेल्या १४ जणांपैकी अनेक जण प्रसाधनगृहात अडकले होते. गोव्यात ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री हडफडे येथील नाइट क्लबमध्ये भडकलेल्या आगीने २५ जीव घेतले. आतल्या फटाक्यांच्या ठिणग्या छताच्या ज्वालाग्राही सजावटीपर्यंत पोहोचल्या. तळघराकडे धावलेल्यांना तेथून बाहेर पडता आले नाही आणि अरुंद वाटेमुळे अग्निशमन दलाचे बंब दूरच थांबवावे लागले. ठिकाणे तीन आणि वर्षे वेगवेगळी असली, तरी आतल्या माणसांना वाट सापडली नाही, हे तिन्हीकडे सारखेच घडले.

हडफडेच्या २५ मृतांमध्ये पर्यटक पाच होते. उरलेले वीस जण तेथील कर्मचारी होते. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ अशा दूरच्या भागांतून ते रोजगारासाठी आले होते. त्यामुळे रात्रीच्या सुरक्षेला केवळ पर्यटकांचा प्रश्न मानणे अपुरे ठरते. बोथसारख्या गावातील एक तरुण पाहुणा म्हणून टेबलावर बसतो, तर त्याच्याच वयाचा, तशाच एखाद्या गावातला दुसरा तरुण तळघरातील स्वयंपाकघरात राबतो. पाहुणा दोन तासांनी निघून जातो. कामगार मात्र पूर्ण हंगाम त्याच छताखाली काढतो आणि छताविषयी तक्रार केली तर नोकरी जाईल, ही भीती त्याला गप्प ठेवते.

नवख्या पाहुण्याच्या हाती काहीच नाही, असेही नव्हे. आत शिरताना ज्या दाराने आलो त्याखेरीज दुसरे दार कुठे आहे, हे बसण्यापूर्वी पाहून घेणे हा अर्ध्या मिनिटाचा उपाय आहे. दुसरे दार नसेल, ते कुलूपबंद असेल किंवा त्यासमोर खुर्च्या आणि खोकी रचलेली असतील, तर ती जागा सोडावी. झावळ्या, बांबू, कापड यांच्या छताखाली आतषबाजी सुरू झाली, तर चित्रफीत काढत न बसता बाहेर पडावे. धूर दिसताच खाली वाकून दाराकडे जावे. तळघर, प्रसाधनगृह किंवा वरचा मजला गाठू नये. बाहेर आल्यावर ११२ वर कळवावे आणि वस्तू आणण्यासाठी पुन्हा आत जाऊ नये. परतीची व्यवस्था मद्याला हात लावण्यापूर्वीच ठरवावी. रात्री उशिरा सार्वजनिक बस मिळत नाही आणि भाड्याची दुचाकी हाताशी असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की किनारपट्टीचे अनोळखी, वळणावळणाचे रस्ते जिवावर बेततात.

तरीही पाहुण्याच्या सावधपणाला मर्यादा आहे. दार मोजता येते, परवान्याची मुदत मोजता येत नाही. हडफडेच्या क्लबचे बांधकाम पाडण्याचा आदेश ग्रामपंचायतीने काढला होता आणि त्याला वरच्या पातळीवर स्थगिती मिळाली होती. व्यापार परवान्याची मुदत मार्च २०२४ मध्येच संपली होती. फायलीतील या नोंदी प्रशासनाला उपलब्ध होत्या. दारावर रांग लावणाऱ्या ग्राहकाला त्यांचा पत्ताही नव्हता. पंचायत, अग्निशमन, अबकारी, प्रदूषण नियंत्रण आणि पोलीस यांच्या परवानग्या वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. प्रत्येक खाते आपल्यापुरते पाहते आणि सगळे कागद एकत्र केल्यावर दिसणारे चित्र कोणाच्याच समोर येत नाही.

ब्राझीलने या ठिकाणी एक पाऊल उचलले. सांता मारियाच्या दुर्घटनेनंतर २०१७ मध्ये झालेला कायदा ‘किस कायदा’ म्हणून ओळखला जातो. लोक जमतात अशा जागांना दिलेल्या परवान्यांची आणि तपासणी अहवालांची माहिती इंटरनेटवर खुली ठेवणे त्याने नगरपालिका व अग्निशमन दलावर बंधनकारक केले. हा कायदा न्यायाला पर्याय नव्हे. २०२१ मधील खटल्यात दोषी ठरलेल्या चौघांत क्लबचे दोन भागीदार व वाद्यवृंदाशी संबंधित दोघे होते. परवाने देणारा एकही अधिकारी त्यांत नव्हता. तो निकालही पुढे रद्द झाला आणि नंतर पुन्हा ग्राह्य धरला गेला. त्यामुळे कायदा पुस्तकात असणे पुरेसे नसते, हा धडाही ब्राझीलकडूनच घ्यावा लागेल.

गोव्यासाठी त्यातून निघणारी मागणी साधी आहे. प्रत्येक नाइट क्लब, पब आणि शॅकच्या प्रवेशद्वारावर मराठी, कोंकणी, हिंदी व इंग्रजीत एक फलक असावा: परवान्याची मुदत, अग्निशमन तपासणीची तारीख, किती माणसांची मुभा आहे आणि बाहेर पडण्याचे मार्ग किती. हीच माहिती सरकारी संकेतस्थळावर एकत्र असावी आणि मुदत संपलेली नोंद तेथे ठळकपणे दिसावी. अशा सक्तीने पर्यटनाला धक्का बसेल, असा आक्षेप व्यवसायातून येऊ शकतो. प्रत्यक्षात नियम पाळणाऱ्या व्यावसायिकाचे त्यात काहीच जात नाही. दुसरा दरवाजा बांधण्याचा खर्च त्याने आधीच केलेला असतो, आणि तो न करणाऱ्या शेजाऱ्यापेक्षा आपण वेगळे आहोत हे दाखवण्याचे साधन आज त्याच्याकडे नाही.

हंगाम दर वर्षी येतो आणि दर वर्षी प्रथमच येणारे हजारो पाहुणे सोबत आणतो. त्यांना वाटाड्या मिळेलच असे नाही. निदान दारावरचा फलक खरा असावा, एवढी अपेक्षा ते करू शकतात आणि ती पूर्ण करण्यासाठी राज्याला नव्या निधीची नव्हे, आपल्याच फायली उघडण्याची गरज आहे.