प्रबंधाची इंग्रजी कोण शिकवणार?

जून उजाडला की आमच्या वस्त्यांच्या नाक्यावर 'साठ दिवसांत फाडफाड इंग्रजी'चे फलक लागतात. आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात. पोरगा मुलाखतीत चार वाक्ये बोलायला शिकतो. त्याला आमचा विरोध नाही. पण एम.ए., पीएच.डी.पर्यंत पोहोचलेल्या आमच्या मुलामुलींची खरी अडचण बोलण्यात नाही, लिहिण्यात आहे. तिकडे चळवळीचे लक्ष नाही, हे आज स्पष्टपणे सांगायला हवे.

मराठवाड्यातल्या एका विद्यार्थ्याने अलीकडे संशोधनाचा आराखडा आम्हाला दाखवला. विषय त्याच्याच गावच्या गायरान जमिनीचा. मराठीत बोलू लागला तेव्हा आम्ही दोन तास ऐकत राहिलो. कोण किती एकर कसतो, कोणाच्या नावावर झाली, कोणाचे उभे पीक मोडले, सगळे तोंडपाठ. कागदावरची इंग्रजी मात्र त्याची नव्हती. तीन पुस्तकांतले परिच्छेद उचलून जोडलेले. विचारले तर म्हणाला, "सर, माझं वाक्य चुकेल. छापलेलं तर बरोबर असतं ना?" दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडून त्याचे नाव कसे द्यायचे, हे त्याला पाच वर्षांत कोणी शिकवलेच नव्हते.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम कडक आहेत. प्रबंधातला १० टक्क्यांहून अधिक मजकूर दुसरीकडून उचललेला निघाला तर प्रबंध दुरुस्तीला परत येतो. ४० च्या वर गेला तर एक वर्ष सादर करता येत नाही, ६० च्या वर गेला तर नोंदणीच रद्द. नियम योग्यच आहेत. पण संगणकाला चोरी कोणती आणि भीती कोणती हे कळत नाही. आमच्या पोरावर चोराचा शिक्का बसण्याची वाट पाहणारे तर टपूनच बसलेले असतात. मोबाईलवरची यंत्रे आता क्षणात गुळगुळीत इंग्रजी लिहून देतात. तोंडी परीक्षेला यंत्र येत नाही.

ही इंग्रजी म्हणजे जड शब्द नव्हेत. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. महाराष्ट्र शासनाने १९७९ मध्ये काढलेल्या पहिल्या खंडात तो आहे. हा खंड आमच्या कितीतरी घरांत हार घालून ठेवलेला असतो. तो उघडा. सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि ज्ञानकोशकार केतकर या चौघांच्या व्याख्या बाबासाहेब आधी नावानिशी मांडतात. मग त्यांत काय कमी आहे ते दाखवतात, आणि नंतर स्वतःचे म्हणणे सांगतात. शेवटी, ते चुकीचे ठरले तर सोडायची तयारीही बोलून दाखवतात. दुसऱ्याचे कुठे संपले आणि आपले कुठे सुरू झाले, ही रेघ स्वच्छ. प्रबंधाची इंग्रजी म्हणतात ती हीच.

प्रस्थापितांच्या घरात मसुदा वाचायला काका असतो, मावशी असते. आमच्या पहिल्या पिढीला कोण? राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घ्यायची तर आधी तिकडच्या विद्यापीठाचा प्रवेश लागतो, आणि प्रवेशासाठी स्वतःविषयी, स्वतःच्या विषयाविषयी इंग्रजीत लिहावे लागते. तिथेच कितीतरी हुशार मुले अडतात.

आमचे प्राध्यापक जयंतीच्या महिन्यात वीस-वीस भाषणे देतात. त्यातली दोन कमी करा. रविवारी वंदना झाल्यावर विहारातच दोन तास बसा. प्रत्येकाने एकच पान आणावे. आधी मराठीत, मग इंग्रजीत. सगळ्यांसमोर वाचावे, लाल पेनाने दुरुस्त करून घ्यावे, पुन्हा लिहावे. खर्च फक्त चहाचा.

गायरानाचा तो विद्यार्थी आता दर रविवारी आमच्याकडे एक पान आणतो. मागच्या पानावर त्याच्या आजीने केलेल्या पहिल्या पेरणीची हकीकत होती. व्याकरणाच्या अकरा चुका निघाल्या. उचललेले वाक्य एकही नव्हते.